पोडावर जाण्याआधी : प्रवाशाच्या शब्दयादीची चिकित्सा

परक्या मुलखात जायचे तर तिथल्या भाषेतले दहा-वीस शब्द शिकून जावे, हा सल्ला आता घरोघरी पोचला आहे. मुलाकडे न्यूझीलंडला निघालेले मराठी आईवडील 'किआ ओरा' हे माओरी अभिवादन घोकतात. हवाईला जाणाऱ्याच्या ओठांवर 'अलोहा' आणि आभाराचा 'महालो' असतो. माओरी, हवाईयन, ताहितीयन, सामोअन, टोंगन या सगळ्या पॉलिनेशियन भाषा. हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट अशा तीन टोकांमधल्या अफाट समुद्रात विखुरलेल्या बेटांवर त्या बोलल्या जातात. इतक्या दूरच्या माणसांना त्यांच्या शब्दांत नमस्कार करावा असे आपल्याला वाटते, ही चांगलीच गोष्ट आहे.

प्रश्न पडतो तो जवळच्या प्रवासाचा. यवतमाळहून पांढरकवड्यामार्गे झरी जामणी तालुक्यातल्या एखाद्या कोलाम पोडावर जाणारा मराठी माणूस चार कोलामी शब्द शिकून जातो का? जाणारे पुष्कळ आहेत. शिक्षक जातो, तलाठी जातो, आरोग्यसेविका, वनरक्षक, कार्यकर्ता, बातमीदार, मतदानाच्या दिवशी पेटी घेऊन जाणारा कर्मचारी आणि माझ्यासारखा वही घेऊन हिंडणारा हौशी अभ्यासकही जातो. यांतले बहुतेक जण एकही शब्द न शिकता जातात, कारण काम अडत नाही. पोडावर मराठी सगळ्यांना येते.

काम अडत नसताना परभाषेतले शब्द का शिकावेत, आणि शिकायचेच तर कोणते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी शब्दयादी हा एक वाङ्मयप्रकार मानून मी तिच्याकडे पाहणार आहे. कथेला निवेदक असतो, तसा यादीलाही एक न दिसणारा बोलणारा असतो. कोणते शब्द घेतले आणि कोणते गाळले, यावरून तो कोण आहे, कोणाशी बोलतो आहे आणि ऐकायला किती तयार आहे हे कळते. माझे म्हणणे असे की, प्रवाशाला काय बोलता येते यावर यादीची किंमत ठरत नाही. समोरच्या माणसाला ती काय बोलू देते, यावर ठरते.

जिल्ह्याची दुसरी भाषा

आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्या नावाने, इंग्रजी दप्तरात 'वून' म्हणून, ओळखला जाई. मराठीखेरीज इथे गोंडी आहे, बंजाऱ्यांची गोरमाटी आहे, उर्दू आहे, पैनगंगेच्या काठाने तेलुगू आहे आणि कोलामी आहे. कोलामांची वस्ती केळापूर, झरी जामणी, मारेगाव, वणी, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतून आणि शेजारच्या वर्धा, चंद्रपूर जिल्ह्यांतून पसरलेली आहे. पैनगंगेपलीकडे तेलंगणातल्या आदिलाबाद भागातही कोलाम आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून नोंदल्या आहेत. २०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे १ लाख २८ हजार लोकांनी कोलामी ही मातृभाषा सांगितली.

कोलामी ही गोंडीची पोटबोली आहे असे आपल्याकडे सुशिक्षितही म्हणतात. ते खरे नाही. दोन्ही भाषा द्राविड कुळातल्या आहेत, पण शाखा वेगळ्या. कोलामी मध्य द्राविड शाखेत मोडते. नाईकी, परजी आणि गदबा या तिच्या सख्ख्या बहिणी. गोंडीला तेलुगू अधिक जवळची. तेव्हा मराठी माणसाला कोलामी ही 'बिघडलेली मराठी' वाटण्याचेही काही कारण नाही. शेजार शेकडो वर्षांचा असला तरी कुळ दुसरे आहे.

शेजारामुळे गमती मात्र झाल्या आहेत. कोलामीत डोळ्याला 'कन्' म्हणतात. मराठी कानाला तो 'कान' ऐकू येतो. दुधाला 'पाल' म्हणतात, आणि आपली पाल भिंतीवर असते. वाघाला 'पुल' म्हणतात, आपला पूल नदीवर. विस्तवाला 'किस' म्हणतात, आपला कीस खोबऱ्याचा. घर म्हणजे 'एल्ला', पाणी म्हणजे 'ईर', झाड म्हणजे 'माक', दात म्हणजे 'पल'. पांढरकवड्याच्या बाजारात ज्याचे तेलुगू कानावर पडले आहे, त्याला यातले बरेच शब्द ओळखीचे वाटतील. तेलुगूतले 'नीरु', 'इल्लु', 'कन्नु', 'पालु', 'पुलि' हे त्यांचेच भाऊबंद आहेत. 'नीरु'मधला आरंभीचा 'न' कोलामीत गळाला आणि 'ईर' उरले, एवढे एक ध्यानात ठेवले तरी त्या भाषेचा इतिहास थोडा हाती लागतो.

इथपर्यंत ही नुसती मौज आहे. अशी यादी पाठ करून पोडावर गेलेला माणूस वस्तूंकडे बोट दाखवून त्यांची नावे सांगू शकेल, पण बोलू शकणार नाही. आजवरच्या बहुतेक याद्या याच पायरीवर थांबल्या, किंवा याहून वाईट वाटेने गेल्या.

साहेबाची यादी

कोलामी शब्द छापून येण्याची सुरुवात मिशनरी आणि अधिकारी यांच्यापासून होते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये नदीच्या पुरात बुडून वारले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. मध्य प्रांतातल्या आदिवासी भाषांच्या तुलनात्मक शब्दयादीत तिथे कोलामीही आहे. पुढे १८९७ मध्ये हेग या लष्करी अधिकाऱ्याने गोंडी आणि कोलामीचा शब्दसंग्रह बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. त्यानंतर ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ मध्ये निघाला. मुंडा आणि द्राविड भाषांच्या या खंडात कोलामीची नोंद आहे.

ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाचे ऋण फार मोठे आहे आणि ते मानूनच पुढचे लिहितो. या सर्वेक्षणासाठी देशभर एकच प्रमाण यादी ठरवली होती. तीत शब्द आणि वाक्ये मिळून २४१ नोंदी होत्या. वाङ्मय म्हणून ही यादी वाचण्यासारखी आहे. आरंभी अंक, सर्वनामे, शरीराचे अवयव, नाती, धातू, जनावरे येतात. मग क्रियापद चालवून दाखवायचे असते आणि त्यासाठी निवडलेले क्रियापद आहे 'मारणे'. मी मारतो, तू मारतोस, तो मारतो, मी मारले, मी मारीन, मला मारले जाते, मला मारले जाईल, असा तो संसार चालतो. शेवटी वाक्ये येतात. त्यांत घोड्याचे वय विचारले आहे आणि इथून काश्मीर किती लांब आहे याची चौकशी आहे. घोड्याच्या पाठीवर खोगीर चढवायला सांगितले आहे, अमक्याला रुपया द्यायला आणि अमक्याकडून रुपये घ्यायला सांगितले आहे. विहिरीतून पाणी काढण्याचा हुकूम आहे. बोलणाऱ्याच्या पुढे चालण्याचाही आहे. आणि एकाला चांगला चोप देऊन दोरखंडाने बांधून ठेवावे, असाही आहे.

कोणी म्हणेल, ही यादी प्रवाशासाठी नव्हती, भाषांची तुलना करण्यासाठी होती. 'मारणे' हे क्रियापद सकर्मक आहे, म्हणून व्याकरणाला सोयीचे. हे मला मान्य आहे. पण सकर्मक क्रियापदे 'वाढणे', 'पाहणे', 'विचारणे' अशीही आहेत. निवड करताना हाताशी जे आले, त्यातून निवडणाऱ्याचे रोजचे जग दिसते. यादीतला न दिसणारा बोलणारा घोड्यावर बसलेला आहे, त्याच्या खिशात रुपये आहेत, आणि समोरचा माणूस पायी आहे. वणीच्या रानातल्या कोलामाला इथून काश्मीर किती लांब हे विचारले जाते, पण तुझ्या शेतापासून पाणी किती लांब हे विचारले जात नाही. ज्याच्या तोंडून शब्द घेतले, त्याला स्वतःहून काही म्हणायचे असेल तर या यादीत त्याला जागा नाही. त्याने फक्त उत्तर द्यायचे.

आपण मराठी माणसेही एकदा अशाच यादीच्या पलीकडच्या बाजूला उभे होतो, याचा इथे विसर पडू नये. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपुरात छापले गेले आणि त्याला परिचित विषयांवरचे संवाद जोडलेले होते. कंपनीच्या तरुण नोकरांनी मराठी मुलखात येण्याआधी मराठी शिकावे, हा हेतू. १८१० मध्ये त्यांचा मराठी कोश मोडी अक्षरांत निघाला. मराठी गद्याच्या आणि मुद्रणाच्या इतिहासात आपण या पुस्तकांना मानाने स्थान देतो. त्यांची सुरुवात मात्र परक्याच्या सोयीची प्रवासाची शिदोरी म्हणूनच झाली. म्हणजे यादीची सुरुवात कशीही झाली तरी पुढे तिचे काय होईल हे ठरलेले नसते. ती कोणाच्या हाती जाते, यावर पुष्कळ अवलंबून असते.

तुपाइआची बोट

पॉलिनेशियाचा इतिहास इथे उपयोगी पडतो. कॅप्टन कूकचे 'एन्डेव्हर' जहाज १७६९ मध्ये ताहितीला लागले. सिडनी पार्किन्सन या तरुण चित्रकाराने चित्रांबरोबर तिथल्या भाषेचे शब्दही टिपून ठेवले. जोसेफ बँक्स यांनीही टिपले. पाहणाऱ्याने पाहिलेल्या वस्तूंची नावे, हे या नोंदींचे एक अंग. पण त्या प्रवासात आणखी एक गोष्ट घडली. राइआतेआ बेटावरचा तुपाइआ हा पुरोहित आणि दर्यावर्दी जहाजावर चढला. ऑक्टोबर १७६९ मध्ये जहाज न्यूझीलंडला पोचले. तुपाइआ आपल्या ताहिती वळणाच्या भाषेत बोलला आणि किनाऱ्यावरच्या माओरींना ते कळले. दोन्हींमध्ये हजारो मैलांचा समुद्र, तरी भाषा बहिणी.

इंग्रजांच्या वहीत तोवर शब्द जमले होते, पण संभाषण घडवले तुपाइआने. त्याला विचारता येत होते, समोरच्याचे ऐकता येत होते आणि पुढचा प्रश्न त्या ऐकण्यातून निघत होता. पुढच्या वर्षी, डिसेंबर १७७० मध्ये, तो बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, आजाराने मेला. वह्या मात्र लंडनला पोचल्या. शब्दयाद्यांच्या इतिहासात हे वारंवार होते. ज्याच्यामुळे बोलणे झाले तो मागे राहतो आणि वही पुढे जाते.

दुसरी घटना अलीकडची आहे. १९८४ मध्ये ऑकलंडच्या टेलिफोन केंद्रात नायडा ग्लॅविश या माओरी बाई फोन घेताना 'किआ ओरा' म्हणत. वरिष्ठांनी ते बंद करायला सांगितले. त्यांनी ऐकले नाही. त्यावरून देशभर वाद पेटला आणि अखेर तो शब्द वापरायची मोकळीक मिळाली. १९८२ पासून लहान मुलांसाठी 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, सुरू झाली होती. १९८७ मध्ये माओरीला कायद्याने अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. आज तिथे उतरणारा मराठी प्रवासी जो शब्द सहज पाठ करून जातो, तो शब्द उच्चारण्यासाठी तिथल्या एका बाईला नोकरी पणाला लावावी लागली होती. हे ठाऊक असेल तर त्या दोन शब्दांचे वजन वेगळे लागते.

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर

आपल्याकडे याद्यांच्या पुढे गेलेली दोन नावे सांगितली पाहिजेत. एक, मरे एमेनो. निलगिरीतल्या तोडा आणि कोटा भाषांवर काम करणाऱ्या या अभ्यासकाने १९३०च्या दशकाच्या अखेरीस वर्धा भागातल्या कोलामीची प्रत्यक्ष नोंद केली आणि १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९६१ मध्ये बरो यांच्यासह त्यांनी जो द्राविड व्युत्पत्तिकोश सिद्ध केला, त्यात कोलामीला तमिळ-तेलुगूच्या पंक्तीत जागा मिळाली.

दुसरे नाव मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे आहे, पण या कामासाठी नव्हे. सेतुमाधवराव पगडी आपल्याला इतिहासकार, गॅझेटियरचे संपादक आणि उर्दू काव्याचे रसिक भाष्यकार म्हणून ठाऊक आहेत. याच पगडींनी १९५० मध्ये कोलामीचे आणि १९५४ मध्ये गोंडीचे व्याकरण इंग्रजीत लिहिले, आणि १९४९ मध्ये आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. ते निझामाच्या मुलकी सेवेत होते. आदिलाबादच्या जंगलात १९४० मध्ये कुमराम भीम यांचा लढा झाला आणि जोडेघाटला त्यांना मारण्यात आले. त्यानंतर सरकारला या लोकांचे म्हणणे समजून घेण्याची निकड वाटू लागली. मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना बोलावण्यात आले. १९४३च्या सुमारास मारलवाई इथे गोंड शिक्षक घडवण्याचे केंद्र निघाले. त्या मुलांसाठी गोंडी भाषेतली वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली, ही गोष्ट मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावी.

पगडींचे उदाहरण मला मोलाचे वाटते ते यासाठी की, ते घोड्यावरच्या साहेबाच्याच जागेवर होते. सत्ता होती, दप्तर होते, शिपाई होता. दुभाष्यावर भागवता आले असते. तरी त्यांनी भाषाच शिकायला घेतली, आणि शब्दांवर न थांबता व्याकरणापर्यंत गेले. व्याकरण लिहायचे म्हणजे समोरच्याचे लांब बोलणे ऐकावे लागते. एकेका शब्दावर ते लिहून होत नाही.

एमेनोंची नोंद वर्ध्याकडची आणि पगडींची आदिलाबादकडची. दोन्ही जुळत नाहीत अशा जागा आहेत. एका काठावर मराठीची सावली जास्त, दुसऱ्या काठावर तेलुगूची. म्हणून 'कोलामी शब्द' अशी मोघम यादी करणे चूक. यादीवर गावाचे नाव, वर्ष आणि सांगणाऱ्याचे वय असावे. तो आजोबा आहे की शाळेत जाणारी नात, यानेही शब्द बदलतो.

यादीत काय असावे

आता प्रवाशाच्या यादीकडे येऊ. ती वीस शब्दांची असली तरी चालेल. पण तीत तीन गोष्टी असाव्यात असे मला वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. हिंदीतही 'हम'वर भागते. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून 'आम्ही' म्हणतात आणि आत घेऊन 'आपण' म्हणतात. कोलामीतही हा भेद आहे. 'आम' म्हणजे आम्ही, तुम्ही त्यात नाही. 'आपण'साठी 'न'ने सुरू होणारा वेगळा शब्द आहे. माओरीत 'मातोउ' म्हणजे आम्ही आणि 'तातोउ' म्हणजे आपण. हवाईयनमध्ये तेच 'माकोउ' आणि 'काकोउ' होतात. या भाषा तर दोघांसाठी आणि अनेकांसाठीही निरनिराळे शब्द ठेवतात. तीन वेगवेगळ्या कुळांत, एकमेकांपासून इतक्या दूर, हाच भेद जपलेला आहे. मराठी प्रवाशाला तो शिकवावा लागत नाही, त्याच्या रक्तातच आहे. पोडावरच्या सभेत बाहेरून गेलेला वक्ता 'आपण सगळे' म्हणतो, तेव्हा तो कोलामीत कोणता शब्द वापरेल? आणि समोरचा म्हातारा नाईक, म्हणजे पोडाचा प्रमुख, त्याला उत्तर देताना कोणता वापरेल? पाहुणा 'आपण'मध्ये आला की नाही, हे पाहुण्याने ठरवायचे नसते. यादीत हे दोन्ही शब्द असले तर निदान उत्तर आल्यावर ते ऐकू येईल.

दुसरी गोष्ट, मोजणी. कोलामीत 'दोन' म्हणायला एक शब्द पुरत नाही. दोन पुरुष असतील तर 'इद्दर', दोन बाया असतील तर 'ईरल', दोन बैल किंवा दोन दगड असतील तर 'इंदिंग'. तीन आणि चारलाही असेच. आपल्या मराठीत 'दोघे, दोघी, दोन' आहेत, तेव्हा हेही आपल्याला परके नाही. आता सर्वेक्षणाचा कागद घेऊन गेलेला माणूस आठवा. घरात माणसे किती, बायका किती, गुरे किती, हे तो एकाच अंकाने एकाखाली एक लिहितो. ज्या भाषेत माणूस आणि बैल एकाच अंकाने मोजता येत नाहीत, त्या भाषेचा माणूस त्याच्यासमोर बसलेला असतो. ही यादी करणाऱ्याला माहीत असली तर कागदही थोडा निराळा आखला जाईल.

तिसरी गोष्ट, क्रियापदे. 'वर्' म्हणजे येणे, 'सेर्' म्हणजे जाणे, 'तिन्' खाणे, 'उन्' पिणे, 'सी' देणे. प्रवाशाच्या यादीत बहुधा यांची आज्ञार्थी रूपे येतात. ये, जा, दे, आण. माझी सूचना अशी की, पहिल्यांदा प्रश्नार्थी रूपे शिकावीत, तीही पोडावरच विचारून. पाणी 'दे' म्हणण्याआधी 'तुम्ही पाणी कुठून आणता' हे विचारता यावे. पहिले वाक्य बोलणाऱ्याची तहान भागवते. दुसऱ्या वाक्याचे उत्तर लांब असते, त्यात विहीर येते, उन्हाळा येतो, डोक्यावरचा हंडा येतो. ते उत्तर प्रवाशाला पुरते कळणार नाही. तो म्हणेल, पुन्हा सांगा. तेव्हा समोरचा मराठीत सांगेल, पण आधी त्याने ते आपल्या भाषेत म्हटलेले असेल.

लिपीचीही एक अडचण नोंदवली पाहिजे. कोलामीत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' वेगळे आहेत, तसेच 'ओ'. 'एल्ला'मधला 'ए' ऱ्हस्व आहे. मराठी देवनागरीत हा भेद दाखवायची सोय नाही, म्हणून आपण लिहून घेतलेला शब्द वाचताना हमखास ताणला जातो. कागदावरून शिकलेला शब्द पोडावर कानाने दुरुस्त करून घ्यावाच लागतो. यादीच्या उजवीकडे एक रांग कोरी ठेवावी. ती समोरच्याने भरायची.

दिखाऊपणाचा धोका

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. चार शब्द फेकून आपलेपणा दाखवणे हा शेवटी देखावाच नाही का? हवाईत याचे उदाहरण आहे. तिथे १८९६च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी केले आणि हवाईयन बोलणारी मुले कमी होत गेली. १९७८ मध्ये राज्यघटनेने त्या भाषेला अधिकृत दर्जा दिला. मधल्या काळात 'अलोहा' हा शब्द मात्र हॉटेलांच्या पाट्यांवर, शर्टांवर, विमानांत सगळीकडे होता. भाषा घरातून निघून जात असताना तिचा एक शब्द दुकानात शोभेला बसला होता.

आपल्याकडेही ही वेळ दूर नाही. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे आहे आणि वाघ पाहायला तिथे आता दूरदूरची माणसे येतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच भागात टी-१ वाघीण गोळी घालून मारली गेली, तेव्हा देशभरचे कॅमेरे इथे आले होते. वाघाबद्दल तेव्हा पुष्कळ बोलले गेले, त्यात 'पुल' हा शब्द कुठे आला नाही. उद्या एखाद्या रिसॉर्टच्या दारावर तो रंगवला जाईल, आणि पोडावरचे पोर शाळेत तो शब्द उच्चारताना लाजेल. असे झाले तर यादी हरली म्हणायचे.

या धोक्यावर उतारा साहित्यात सापडतो. भुजंग मेश्राम हे आपल्याच जिल्ह्याचे कवी. त्यांच्या संग्रहाचे नाव 'उलगुलान'. हा शब्द बिरसा मुंडांच्या उठावाचा, मुंडारी भाषेतला. गोंडी आणि इतर बोलींतले शब्द त्यांच्या मराठी कवितेत आले ते रंगासाठी नव्हेत. ते आले की मराठी वाचक अडखळतो आणि त्याला विचारावे लागते. तिथे परका वाचक असतो आणि घरचा माणूस कवी असतो. शब्द कोणी कोणाकडे न्यायचा, हे नाते त्या कवितेने उलटे केले. पोडावर जाणाऱ्याने शिकायचे ते हेच, की अडखळणे आपल्या वाट्याला यावे.

भाषेचा प्रवासखर्च

मुख्य मुद्दा हा आहे. पोडावर सगळ्यांना मराठी येते म्हणून काम अडत नाही, असे आपण म्हणतो. याचा अर्थ एवढाच की, भाषेचे अंतर दरवेळी त्यांनीच तोडले. आपण गाडीने गेलो, ते आपल्या भाषेतून निघून आपल्यापर्यंत चालत आले. दवाखान्यात, तहसीलमध्ये, शाळेत, बाजारात तेच येतात, आणि आपण त्यांच्या दारात गेलो तरी तेच येतात. सहा वर्षांचे पोर पहिल्या दिवशी शाळेत जाते तेव्हा तेही एवढे अंतर तोडूनच बसलेले असते, आणि त्याला कोणी यादी दिलेली नसते.

मुंबई-पुण्यात येऊन राहणाऱ्याने चार शब्द मराठीचे शिकावेत, ही आपली अपेक्षा रास्त आहे. शिकला नाही तर आपल्याला राग येतो, कारण काम अडण्या-न अडण्याचा तो प्रश्न नसतो. ज्यांच्या घरी आलो त्यांची भाषा कानाआड केली, हा अनादर झोंबतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. आपल्या भाषेचा मान राखला जावा म्हणून आपण अनेक वर्षे वाट पाहिली. तोच गज घेऊन आता केळापूर, मारेगाव, झरीच्या रस्त्यावर स्वतःला मोजायला हवे. तिथे परके आपण आहोत. तिथे दुसऱ्याने आपली भाषा शिकून घेतली आहे आणि त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

वीस शब्दांनी कोलामी वाचणार नाही. ती वाचेल तर पोडावरच्या मुलांनी बोलल्यामुळे, आणि मुले बोलतील ती भाषेला बाहेर काही किंमत आहे असे त्यांना दिसले तर. गावात आलेला मास्तर, डॉक्टर, साहेब आपल्या आजीला तिच्या भाषेत काही विचारतो, आजी हसून त्याचा उच्चार सुधारते आणि तो तो सुधारून पुन्हा म्हणतो, हे मुलाने पाहिले पाहिजे. मोठा माणूस आपल्या भाषेत विद्यार्थी होतो, हे पाहणे शंभर घोषणांपेक्षा जास्त काम करील.

तेव्हा या जिल्ह्यात नेमणूक होऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती, आदेशाच्या कागदाबरोबर, एक पानाची यादी असावी. तीत 'आम्ही' आणि 'आपण' असावेत, माणसे आणि गुरे मोजायचे वेगवेगळे अंक असावेत, प्रश्न विचारायची पाच क्रियापदे असावीत, आणि उजवीकडे कोरी रांग. ती पोडावरच्या माणसांकडून करून घ्यावी, त्यांची नावे तिच्यावर घालावीत आणि त्यांना तिचे मानधन द्यावे. हिस्लॉपपासून आजवर कोलामी शब्द पुष्कळ वह्यांत गेले. सांगणाऱ्याचे नाव असलेली वही अजून निघायची आहे.